कायमचा पत्ता

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपतीने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला इथेच शरण आली होती. माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोतला माणूस मंचावर येतो, याचं श्रेय पोलिसांना द्यायलाच हवं. पण भूपतीची मला फारशी काळजी वाटत नाही. त्याला पत्रकं लिहिता येतात, त्याच्याभोवती कॅमेरे असतात. काळजी वाटते ती अशा कार्यक्रमांत मागच्या रांगेत उभ्या असणाऱ्या माडिया-गोंड पोरापोरींची.

दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र पथकात, गेली तेव्हा यांतल्या अनेकांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं. बाहेर येतात ती तिशीला टेकल्यावर. मधल्या काळात शाळा नाही, आधार कार्ड नाही, बँकेत खातं नाही. लग्न करायचं तर आधी पुरुषाची नसबंदी, हा संघटनेचा शिरस्ता. म्हणून शरण आल्यावर ज्यांना मूल हवं असतं त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. गडचिरोली पोलिसांनी त्यासाठी मदत केली आहे, आणि पुनर्वसनाच्या सगळ्या कामांत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. घरात मूल आलं की तुटलेल्या नातेवाइकांचं येणं-जाणं सुरू होतं. अनुदानाच्या रकमेने ते होत नाही.

रकमा तशा कमी नाहीत. केंद्राच्या योजनेत वरच्या फळीतल्याला ५ लाख, खालच्याला अडीच लाख, शिवाय प्रशिक्षणाच्या काळात तीन वर्षांपर्यंत महिन्याला १० हजार. महाराष्ट्राची स्वतःची योजना २००५पासून चालू आहे आणि एकट्या गडचिरोली जिल्ह्यात सहाशेहून अधिक जण शरण आले आहेत. त्यांच्यासाठी नवजीवन वसाहत आहे. तिथल्या काहींनी फिनाईल बनवायला घेतलं, काही कोनसरीच्या लोहप्रकल्पात कामाला लागले.

पहिला मुक्काम म्हणून वसाहत ठीक. पण पोलिसांच्या नजरेत आहे तोवरच माणूस सुरक्षित, अशी ही सोय आहे. गावी गेला तर 'खबऱ्या' ठरवून मारला जाण्याची भीती असते. तशी माणसं मारली गेली आहेत. दुसरी गोष्ट आपण बोलतच नाही. दलमने मारलेल्या पोलीस पाटलाचं घर त्याच गावात असतं. त्या घराला काय मिळालं आणि मारणाऱ्यांतल्या एकाला काय मिळालं, हा हिशेब गाव मनात ठेवून असतं.

छत्तीसगडने शरण आलेल्या अनेकांना जिल्हा राखीव दलात घेतलं. जंगल पाठ, भाषा येते, जुन्या साथीदारांच्या वाटा ठाऊक. पोलिसी हिशेबाने सोयीचं आहे, पण याला पुनर्वसन कसं म्हणायचं? ही तर बदली झाली. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी करून नक्षलवाद्यांशी लढायला लावू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने सलवा जुडूम या छत्तीसगडमधल्या नक्षलविरोधी मोहिमेच्या खटल्यात २०११ सालीच बजावलं होतं.

माझं म्हणणं असं की, परतीची वाट ग्रामसभेतून जायला हवी. जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या, मजुरीचा हिशेब स्वतः ठेवू लागल्या. पुनर्वसनाच्या पैशांतला काही वाटा अशा ग्रामसभेला द्यावा आणि तिने शरण आलेल्याला तेंदूच्या हंगामात कामावर घ्यावं. मात्र त्याआधी बैठक बसवून, ज्यांचं माणूस गेलं त्या घराला पहिलं बोलू द्यावं. गाव नको म्हणालं, तर नको. याला वेळ लागेल. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ची मुदत ठरवली होती; तशा मुदतीत बसणारं हे काम नव्हे, आणि ते बसवायला जाऊही नये.

खटल्यांचं मात्र लगेच काहीतरी करता येईल. शरण आल्याने गुन्हे आपोआप पुसले जात नाहीत, आणि खून-जाळपोळीचे खटले चालायलाच हवेत. पण दलमला भात नेऊन दिला, पत्रकं चिकटवली, अशा किरकोळ आरोपांचा निकाल माणूस वसाहतीत आहे तोवरच लावावा. नाहीतर गावी परतल्यावर दर तारखेला त्याला गडचिरोलीची एसटी धरावी लागेल. तेंदूची मजुरी बुडेल ती वेगळीच; पण हा पुन्हापुन्हा शहरात कोणाला भेटायला जातो, असं गावात कोणीतरी विचारणारच.