उरलेली गोष्ट कोणी सांगायची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बालाघाटला घरी गेले होते. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातला, पण गोंदिया-भंडाऱ्याला लागून असलेला. १९५६ पर्यंत आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती, हे आजोबा अजून अभिमानाने सांगतात. घरात मराठी, शेजारी पोवारी, शाळेत हिंदी असा आमचा भाषेचा संसार. त्यामुळे तिकडे कोणी मराठीत चार ओळी लिहिल्या तरी त्याचे अप्रूप वाटते.

शेजारच्या काकूंची मुलगी महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. ती भेटायला आली आणि ओढणीखालून तिने एक दोनशेपानी वही काढली. "ताई, वाचाल का? पण हसायचं नाही." वहीत दूरदर्शन मालिकेवरून लिहिलेली एक लांबलचक कथा होती. मालिकेतल्या एका घरात एक विधवा आत्या आहे. प्रत्येक भागात चहाचा ट्रे घेऊन यायचे आणि "जेवायला चला" म्हणायचे, एवढेच तिचे काम. पुढे ही आत्या मालिकेतून एकाएकी नाहीशी झाली. कोणी तिची चौकशीही केली नाही. या मुलीने मात्र ती केली होती. तिच्या वहीत आत्या एका पहाटे घर सोडते, गाडीने गोंदियाला येते, शिवणयंत्र घेते आणि भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हाताने स्वतःसाठी चहा करते. तो चहा ती कोणालाही नेऊन देत नाही. हे वाचताना मला हसू आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

ही कथा तिने आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकाला दिली होती. ती परत आली. वर तांबड्या शाईत शेरा होता, "स्वतंत्र लेखन नाही. नक्कल." तेव्हापासून तिने लिहिणे सोडले. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असा शेरा आपल्यापैकी कोणत्याही संपादक मंडळाने मारला असता. म्हणूनच हा प्रश्न मला आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो. दुसऱ्याच्या पात्रांना घेऊन लिहिलेली कथा म्हणजे नक्कल, असे सरसकट म्हणता येईल का?

अशा लेखनाला आज जगभर 'फॅन फिक्शन' म्हणतात. चाहत्याने आपल्या आवडत्या कथेला जोडलेली कथा, एवढाच त्याचा अर्थ. दूरदर्शन मालिकांपुरते बोलायचे तर त्याचा उगम अमेरिकेत शोधावा लागतो. 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका तेथे १९६६ ते १९६९ या काळात चालली. ती चालू असतानाच, १९६७ साली, तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकॅनेलिया' नावाचे हौशी नियतकालिक काढले. पुढे अशी अनेक नियतकालिके निघाली. ती टंकलिखित करून, स्टेन्सिलवर छापून, टपालाने पाठविली जात. लिहिणाऱ्यांत मोठा भरणा स्त्रियांचा होता. त्यांतल्या जॅकलिन लिक्टेनबर्ग यांनी 'क्रेथ' नावाची कथामाला लिहिली. मालिकेतल्या स्पॉक या पात्राच्या ग्रहावर कसले आचार असतील, कसली कुलपरंपरा असेल, याची त्यांनी इतकी तपशीलवार मांडणी केली की इतर चाहते मूळ मालिका सोडून त्यांच्या या मांडणीवर कथा लिहू लागले. शिष्याला शिष्य मिळाले, असेच म्हणायचे! पुढे लिक्टेनबर्ग यांनी स्वतःच्या स्वतंत्र कादंबऱ्याही लिहिल्या.

नंतर संगणक आला, मोबाईल आला, आणि जे काम टपालाने महिन्याला होत होते ते घटकेत होऊ लागले. चाहत्यांनी आपल्या कथा जपून ठेवण्यासाठी स्वतःच उभारलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथेच्या क्षेत्रातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्याला टवाळखोरांचा उद्योग म्हणत होते, त्याची अशी दखल घेतली गेली.

परंतु परदेशात मान मिळाला म्हणून एखादी गोष्ट चांगली, हा युक्तिवाद मला करायचा नाही. आपल्या घरात काय आहे ते आधी पाहू.

आपल्या घरात गावबा आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांचा हा शिष्य. त्याला पुरणपोळी फार आवडे, म्हणून आईने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले, अशी कथा सांगतात. त्याच्या बुद्धीविषयी लोकांचे मत काही चांगले नव्हते. मंत्र म्हणून त्याला गुरूच्या नावाखेरीज दुसरे काही घेता येत नसे, असेही सांगतात. नाथांनी अखेरच्या काळात 'भावार्थ रामायण' लिहावयास घेतले. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ साली नाथांनी देह ठेवला. राम-रावण युद्ध अर्ध्यावर राहिले. पुढचे युद्धकांड आणि सगळे उत्तरकांड कोणी लिहिले? या पुरणपोळीवाल्या गावबाने! हे काम नाथांनीच त्याच्यावर सोपविले होते, असे परंपरा सांगते. आज ग्रंथाचे पारायण करणारे नाथांचे अध्याय संपले म्हणून पोथी मिटत नाहीत. ते गावबाचे अध्यायही त्याच भक्तीने वाचतात.

आता कोणी म्हणेल, की ही धर्माची गोष्ट, तिची तुलना मालिकेशी कशाला? तुलना मालिकेची नाही, लिहिणाऱ्याच्या मनाची आहे. गोष्ट थांबली, पण ऐकणाऱ्याच्या मनात ती थांबत नाही. मग तो लेखणी उचलतो. गावबाने केले ते हेच, आणि आमच्या शेजारच्या मुलीने केले तेही हेच. दोघांच्या योग्यतेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे मान्य. पण संपादकांनी शेरा योग्यतेवर मारला नव्हता, जातीवर मारला होता. 'कथा कच्ची आहे' असे लिहिले असते तर माझी तक्रार नव्हती. 'ही कथाच नव्हे' असे लिहिले, म्हणून तक्रार आहे.

येथे एक मोठा आक्षेप येतो, आणि तोही नाथांच्याच चरित्रातून येतो. १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत लोकांनी तीत आपल्या पदरच्या ओव्या घुसविल्या होत्या. त्या काढून टाकल्यावर नाथांनी बजावले, की यापुढे यात कोणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. मग जो संत दुसऱ्याच्या ग्रंथात एक ओवी घालू देत नाही, तोच आपला ग्रंथ शिष्याच्या हाती कसा देतो?

मला वाटते, सगळ्या वादाची किल्ली येथे आहे. ज्ञानेश्वरीत ओव्या घालणाऱ्यांनी त्या ज्ञानदेवांच्या म्हणून खपविल्या. वाचकाला कळायला मार्ग नव्हता, की ज्ञानदेव कोठे संपले आणि हा कोण बोलू लागला. गावबाचे तसे नाही. नाथ कोठे थांबले आणि गावबाने कोठून सुरुवात केली, हे वारकऱ्यांच्या घरातले पोरही सांगेल. म्हणजे दोष दुसऱ्याची गोष्ट पुढे नेण्यात नाही. तो आपले लेखन दुसऱ्याच्या नावाखाली लपविण्यात आहे, किंवा दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर दडपण्यात आहे. दुसऱ्या प्रकाराला वाङ्मयचौर्य म्हणतात, आणि परीक्षेच्या प्रबंधिकांत तो आपल्याकडे किती चालतो हे प्राध्यापकांना मी सांगायला नको. शेजारच्या मुलीने वहीच्या पहिल्याच पानावर मालिकेचे नाव ठळक अक्षरांत लिहिले होते. मग नक्कल कोणती?

आपल्या अंकाची पाने उलटली की कन्नड विभाग सुरू होतो. त्या विभागाच्या मित्रांना तर हे नवे नाही. आदिकवी पंपाने इ. स. ९४१ च्या सुमारास भारतकथा सांगितली ती अर्जुनाला नायक करून आणि आपल्या आश्रयदात्या अरिकेसरी राजाला त्याच्या जागी पाहून. त्याच्या काव्यात द्रौपदी पाच जणांची नव्हे, एकट्या अर्जुनाची पत्नी आहे! व्यासांना विचारून त्याने हा फरक केला नव्हता. कुवेंपूंच्या 'श्री रामायण दर्शनम्' मध्ये सीतेबरोबर रामही अग्नीत प्रवेश करतो. ज्या वाचकाला सीतेची एकटीची परीक्षा सलत होती, त्याने कवी झाल्यावर काढलेला हा मार्ग आहे. या महाकाव्याला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. भैरप्पांची 'पर्व' आणि आपल्याकडची शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' या दोन्ही कादंबऱ्या व्यासांच्या पात्रांवर उभ्या आहेत. त्यांवर कोणी 'स्वतंत्र नाही' असा शेरा मारलेला नाही. कोणाचे उसने घ्यावे यावर आपण प्रतिष्ठा ठरवितो, कसे घेतले ते पाहत नाही.

प्रेक्षकाला आपल्या गोष्टीवर हक्क वाटतो, याचे एक उदाहरण आपल्या दूरदर्शनच्याच इतिहासात आहे. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाली आणि जुलै १९८८ मध्ये रामाच्या राज्याभिषेकावर संपली. उत्तरकांड दाखविले नव्हते. ज्या समाजाचे वाल्मीकी हे आराध्य, त्या समाजातील सफाई कामगारांनी उत्तर भारतातील काही शहरांत संप पुकारला. लव-कुश कोठे आहेत, वाल्मीकींच्या आश्रमातली सीता कोठे आहे, असा त्यांचा सवाल होता. अखेर 'उत्तर रामायण' निघाले आणि दूरदर्शनवर दाखविले गेले. चारशे वर्षांपूर्वी गावबाने जे उत्तरकांड पुरे केले, त्याच उत्तरकांडासाठी प्रेक्षक रस्त्यावर आले. ज्याला त्या गोष्टीत आपला माणूस दिसत होता, तो उगी राहिला नाही. आमच्या मुलीलाही आत्याच्या जागी आपले कोणीतरी दिसले असणार. तिच्या घरी अशी आत्या आहे, हे मला ठाऊक आहे.

अर्थात या लेखनाची भलामण करताना त्याचे दोष झाकणे बरे नव्हे. पुष्कळसे लेखन सुमार असते. लिहिणारी स्वतःच नायिका होऊन कथेत शिरते, सर्वांत सुंदर, सर्वांत हुशार, आणि मालिकेतले सगळे वीर तिच्यापुढे हात जोडतात. या खोडीची टर १९७३ सालीच पॉला स्मिथ या चाहतीने एका छोट्या कथेतून उडविली. तिच्या नायिकेचे 'मेरी सू' हे नाव तेव्हापासून अशा पात्रांना चिकटले आहे. ही टीका बाहेरच्या पंडिताने केली नाही, चाहत्यांतूनच आली, हे लक्षात घ्यावे. जेथे लोक एकमेकांचे वाचतात आणि स्पष्ट बोलतात, तेथे कान आपोआप तयार होतो.

दुसरा दोष कायद्याचा. व्यासांचा कोणी वारस दावा लावत नाही, पण मालिकेचा मालक लावू शकतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तेव्हा अशा कथेवर पैसा मिळवू नये, मूळ कर्त्याचे नाव घ्यावे आणि त्याने हरकत घेतली तर मान द्यावा, एवढे पथ्य हवेच. छापायचे की नाही हे संपादकांनी या कारणाने ठरविले तर ते समजण्यासारखे आहे. मात्र मग तसे सांगावे.

आणि तिसरे. आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगणात खेळू नये, हेही खरे. पण चालायला शिकताना मूल भिंतीला धरूनच चालते. भिंत काढून घेतली तर ते लवकर चालते असे नाही. ते बसून राहते. वर्गात आपण 'एका छत्रीचे आत्मवृत्त' लिहायला देतो आणि त्याला स्वतंत्र लेखन म्हणतो. त्याच त्या छत्र्या वर्षानुवर्षे आत्मवृत्त सांगत आल्या आहेत. त्यापेक्षा शकुंतलेच्या सख्यांचे पुढे काय झाले, हे लिहायला दिले तर विद्यार्थी आधी मूळ नाटक नीट वाचतील, आणि मग स्वतःचे काही बोलतील.

माझी सूचना साधी आहे. आपल्या वार्षिकात मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांत दोन-दोन पाने अशा कथांना द्यावीत. विषय जुन्या ग्रंथांतला घ्यावा, म्हणजे हक्काचा प्रश्न येणार नाही. मूळ कथा कोणती, आपण काय बदलले आणि का बदलले, हे लेखकाने चार ओळींत सांगावे. मराठीतली कथा कन्नड विभागाने पुढे न्यावी आणि कन्नडमधली आपण. शेजारी असून आपण एकमेकांची पाने फारशी उलटत नाही, तेवढे तरी होईल.

बालाघाटहून निघताना मी त्या मुलीला म्हटले, की आत्याचे नाव बदल, मालिकेतले घर काढून टाक, आणि ती गोंदियाला उतरते तेथून कथा सुरू कर. आता ती तुझीच आहे. तिने मान हलविली, पण वही माळ्यावरून काढीन असे काही म्हणाली नाही. तांबड्या शाईचा डाग सहजासहजी जात नाही. निदान आपल्या महाविद्यालयात तरी तो कोणाच्या पहिल्या वहीवर पडू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.