मशीनच्या गार्डचा तुटका दात



या खेपेला गोळ्या-औषधं बाजूला ठेवू या. घरी केस कापायच्या मशीनबद्दल अल थुमामाहून एक प्रश्न आलाय. अल थुमामा म्हणजे कतारमध्ये दोहा शहराच्या दक्षिणेचा, विमानतळाजवळचा भाग. मुलांनो, २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं एक स्टेडियम तिथे आहे. तिकडचे पुरुष आणि मुलगे गहफिया नावाची विणलेली टोपी घालतात, तिच्याच आकाराचं. आपल्या किप्पाची थोरली बहीण म्हणा ना!

माझ्या मुंबईच्या नर्स मैत्रिणीची मुलगी तिथे राहते. २०२० मध्ये करोनामुळे सलून बंद झाली तेव्हा त्यांनी मशीन घेतलं आणि पुढे तीच सवय राहिली. (महाराष्ट्रात सलून उघडायला २८ जून उजाडला, आणि तेव्हाही फक्त केस कापायची परवानगी, दाढीची नाही.) आता तिचे सासरे ठाण्याहून मुक्कामाला आलेत. वय ८१, रक्त पातळ करायची गोळी चालू. सलूनच्या उंच खुर्चीवर चढणं त्यांना नको वाटतं. तिने फोटो पाठवून विचारलं, "मावशी, दोन नंबरच्या गार्डचा एकच दात तुटलाय. चालवून घेऊ का?"

नाही चालणार. गार्ड म्हणजे मशीनच्या तोंडावर बसवायचा प्लॅस्टिकचा कंगवा. आपल्या लहानपणी न्हाव्याचं हातमशीन असायचं, कटकट वाजणारं आणि मधेच केस ओढणारं. त्याला गार्ड नव्हता. न्हावी डाव्या हातात कंगवा धरून त्याच्यावरून मशीन फिरवायचा. तो डावा हात आता गार्ड झालाय. पातं कातडीपासून किती लांब राहील हे तोच ठरवतो. एक दात गेला की तेवढ्या जागी केस जास्त खोल कापले जातात आणि डोक्यावर पट्टा उमटतो. पट्टा काय, महिन्याभरात भरून येईल. पण तुटक्या दाताचं टोक धारदार असतं, म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, आणि त्यात ही गोळी! चरा पडला तर रक्त लवकर थांबत नाही. तुटलेला दात फेव्हिक्विकने चिकटवायच्या भानगडीतही पडू नका, तो नेमका डोक्यावर असतानाच निघायचा.

मग नवा येईपर्यंत काय करायचं? तीन नंबर लावायचा. नेहमीच्या मापात एकेक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग: एक नंबर ३ मिलिमीटर, दोन नंबर ६, तीन नंबर १०, चार नंबर १३. (मुलांनो, आठ नंबर किती, ते आजोबांना सांगा.) केस चार मिलिमीटर जास्त राहिले तर आजोबांचं काही बिघडत नाही.

नवा घेताना नुसतं "दोन नंबर द्या" म्हणू नका. एका कंपनीचा गार्ड दुसऱ्या मशीनवर बसेलच असं नाही. कुणाला मागे धातूची पट्टी असते, कुणी बाजूच्या खाचेत सरकतो, कुणाला लोहचुंबक असतं. मशीनच्या अंगावरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि जुना गार्ड सोबत न्या. तो दुकान होईपर्यंत जपायचा, मग कचऱ्यात. दात शाबूत असले तरी गार्ड बोटाने ढकलून सैल लागत असेल, तरी बदला. डोक्यावर असताना सटकला की टक्कलच पडतं.

मानेवरची कड गार्डशिवाय करतात, तिथे मला भीती वाटते. पातं साफ करून परत बसवताना वरच्या, हलणाऱ्या पात्याचे दात खालच्या पात्याच्या किंचित मागे राहिले पाहिजेत. बरोबरीला आले की कातडी चिमटली जाते. आधी श्रवणयंत्र काढा, तीळ-चामखीळ कुठे आहेत ते बोटाने चाचपा. बाळाच्या दुधाची बाटली बघतो तसं पातं मनगटाला लावून बघा, तापलेलं असेल तर मशीन बंद. कापलंच तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर डॉक्टर.

वस्तऱ्याने मात्र कड करू नका. आमच्या वेळी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला वस्तऱ्यानेच साफ करत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की केस शक्यतो काढूच नका, काढायचेच तर क्लिपरने, कारण वस्तऱ्याच्या बारीक चऱ्यांतून जंतू शिरतात.

गार्ड धुण्याचं काम नातवंडांना द्या. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश, आणि धुताना एकेक दात मोजायचा. उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकतात. उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नका. घरात कुणाला गजकर्ण किंवा उवा असतील तर बरं होईपर्यंत त्याचा गार्ड वेगळा.

पात्याला मशीनसोबत मिळालेल्या तेलाचे दोन-तीन थेंब लावा, मशीन क्षणभर चालवा, जास्तीचं पुसून घ्या. ते संपलं तर शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं. खोबरेल नको. ते पात्यात चिकट होऊन बसतं आणि मशीन जुन्या हातमशीनसारखं केस ओढायला लागतं.