आत्याच्या कमरेवरचा वळ आणि नोबेलवालं मायक्रोआरएनए

माझी आत्या पंचाहत्तरीची. उभा जन्म नऊवारी लुगडं, कमरेला घट्ट गाठ आणि शेतातली कामं. कमरेवर काळपट वळ तर कायमचाच. त्या वळावर जखम झाली तेव्हा "काचलं असंल" म्हणाली आणि हळद भरली. मग गावातलं मलम, तालुक्याचं मलम, मग आणखी एक मलम. सव्वा वर्ष गेलं. जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवावा, असं एकालाही वाटलं नाही. पाठवला तेव्हा त्वचेचा कॅन्सर निघाला, आणि तोही जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

त्याच आठवड्यात आतेभावाला कुणीतरी व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड पाठवलं. रक्ताच्या थेंबातून मायक्रोआरएनए तपासा, कॅन्सर होण्याआधीच ओळखा! त्यानं मला विचारलं, "दादा, हे आधी केलं असतं तर?"

त्या प्रश्नासाठी ही पोस्ट.

आधी हे प्रकरण काय ते सांगतो. पेशीतल्या डीएनएवरून आदेशाची प्रत निघते आणि त्या आदेशानुसार प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए म्हणजे मधला टेबलावरचा बाबू. जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा, पण आदेशाच्या प्रतीला चिकटला की फाईल तिथंच अडते. १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत हा प्रकार सापडला. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्यासाठी २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कॅन्सरमध्ये हेच बाबू बिघडतात. मायक्रोआरएनए-२१ त्वचेच्या कॅन्सरमध्ये वाढलेला दिसतो. पेशींच्या वाढीला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनांच्याच फायली तो अडवतो. उलट रंगपेशींमधला मायक्रोआरएनए-२११ पेशींना जागच्या जागी ठेवायला मदत करतो. मेलानोमा या घातक कॅन्सरमध्ये तो बऱ्याचदा घटलेला असतो. म्हणजे एक बाबू नको तिथं जोर करतो आणि दुसरा रजेवर जातो.

विज्ञान अस्सल आहे, त्यात शंका नाही. पण प्रयोगशाळेत दिसणं वेगळं आणि दवाखान्यात भरवसा ठेवता येणं वेगळं. हाच मायक्रोआरएनए-२१ इतर अनेक कॅन्सरमध्येही वाढतो, साध्या सूजेतही वाढतो. त्याच्या आकड्यावरून त्वचेच्या कॅन्सरचं निदान करायची पद्धत आज रोजच्या उपचारात नाही. औषधाचंही तेच. मायक्रोआरएनए-३४ ची नक्कल करणाऱ्या औषधाची चाचणी, रोगप्रतिकारक यंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रिया आणि काही रुग्णांचे मृत्यू यामुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.

तेव्हा भावाला मी सांगितलं, नाही रे. आत्याला नोबेलची तपासणी नको होती. तिला बायोप्सी हवी होती, वेळेवर.

आणि आत्या एकटी नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची नोंद बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये छापली. कमरेवर वर्षानुवर्षं काचणं, बरी न होणारी जखम, मग कॅन्सर. दुसरा प्रकार तळपायाचा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली येतो, जिथं ऊन पोचतच नाही. आपण त्याला भोवरी, काटा, मुकामार समजून बसतो. बॉब मार्लेचा कॅन्सर पायाच्या बोटाच्या नखाखालीच सुरू झाला होता. वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत. त्वचेचा नाही. पण कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे पाहतातच ना? त्याच फेरीत आणखी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? कमरेवर महिनाभर न भरलेली जखम आहे का? तळपायावर वाढणारा काळा डाग आहे का? मात्र हे फुकटात आशाताईंच्या गळ्यात मारू नका, त्याचं मानधन द्या. आणि ग्रामीण रुग्णालयात काढलेला तुकडा जिल्ह्याला पोचून ठरलेल्या दिवसांत रिपोर्ट परत यायला हवा.

कुणी म्हणेल, मग संशोधन बंद करायचं का? मुळीच नाही. उलट, जगातलं बरंचसं संशोधन गोऱ्या कातडीच्या, उन्हानं होणाऱ्या कॅन्सरवर झालंय. आपल्या कमरेवरच्या आणि तळपायाच्या कॅन्सरमध्ये कुठला बाबू बिघडतो, हे आपल्याच रुग्णांच्या नमुन्यांतून कळणार. तालुक्यात बायोप्सीच होत नसेल तर नमुने येणार कुठून? प्रयोगशाळेची वाट ग्रामीण रुग्णालयातूनच जाते.

मंडळी, आज रात्री एवढं करा. आईच्या, आजीच्या कमरेवरचा वळ पाहायला सांगा. बाबांचे तळपाय उजेडात बघा. नाडी जरा सैल, पट्टी रुंद. आणि महिना-दीड महिन्यात न भरलेल्या जखमेला आणखी मलम लावू नका, "तुकडा तपासायचा का?" असं डॉक्टरांना तोंडावर विचारा.

आत्याचं ऑपरेशन झालंय, शेक चालू आहेत. हल्ली गाऊन घालते आणि कुरकुरते, "लुगड्यानं काय वाकडं केलं होतं रे?"

तिला काय सांगू? लुगड्यानं नुसतं काचलं होतं गं. सव्वा वर्ष आम्ही घालवलं.