सतराचा पाढा आणि बापाची वही

आमची लेक दीड वर्षाची आहे आणि तिला पाढे म्हटल्याशिवाय झोप लागत नाही. यात तिच्या हुशारीचा काही भाग नाही, माझ्या अडाणीपणाचा आहे. मला अंगाई येत नाही. तिची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, ती गाते. अम्मीकडे दखनीतल्या जुन्या लोऱ्यांचा साठा आहे. मी पडलो करसल्लागाराच्या कार्यालयात हिशेब लिहिणारा माणूस. पहिल्या महिन्यातल्या एका रात्री बायको थकून झोपली होती, पोरगी माझ्या खांद्यावर रडत होती आणि माझ्या तोंडून एक गाणं फुटेना. मग जे पाठ होतं ते सुरू केलं. बे एके बे. बारापर्यंत आलो तेव्हा तिचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. 'सतरा पंचे पंच्याऐंशी'ला मान माझ्या खांद्यावर पडली. तेव्हापासून हाच रिवाज आहे.

बाप झाल्यावर माणसाला अशा खोडी लागतात. रात्री दोनदा उठून मी तिच्या नाकाखाली बोट धरतो, श्वास लागला की परत झोपतो. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवतो. दोन महिने मांडीवर झोपवल्याने आता ऑफिसातही खुर्चीवर बसलो की मांडी हलत राहते. फाइल छातीशी धरून उभा असलो तर नकळत डुलतो. साहेबांनी एकदा विचारलं, "बरं वाटत नाही का?"

हे सगळं लिहायला गोड वाटतं आणि वाचायलाही वाटत असेल. पण मला यातली एक गोष्ट टोचते. अंगाई मला का येत नाही? ज्या घरात माझ्या बहिणीला चार लोऱ्या पाठ आहेत, त्याच घरात, त्याच अम्मीच्या हाताखाली मी वाढलो. तिच्या मांडीवर धाकट्या भावाला दिलं गेलं, माझ्या हातात दहा रुपये देऊन दुकानात पिटाळलं गेलं. मूल सांभाळण्याची विद्या आपल्याकडे बाईकडून मुलीकडे जाते. मुलगा तेव्हा घराबाहेर असतो. पुढे त्याला मूल झालं की तो कोऱ्या पाटीनिशी उभा राहतो, आणि मग त्याने दुपटं बदललं तरी कौतुक होतं.

ते कौतुक मला भरपूर मिळालं. आमची इचलकरंजीतली गल्ली दाटीवाटीची आहे, कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. शनिवारी बायकोची सकाळची शाळा असते. मी त्या दिवशी कामावर उशिरा जातो. सकाळी लेकीला कडेवर घेऊन दूध आणायला निघालो की शेजारच्या काकू म्हणतात, "किती मदत करतोस रे बायकोला! नशीब काढलं पोरीनं." मलाही बरं वाटायचं. बायको मात्र आठवड्याचे उरलेले सहा दिवस हेच करते, वर शाळा करते, आणि तिला आजवर कोणी म्हटलेलं नाही की नवऱ्याला किती मदत करतेस.

हा 'मदत' शब्द मला कधी खटकला, ते सांगतो.

लेक दहा महिन्यांची होती. बायको दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी परगावी मुक्कामी होती. अम्मी बहिणीकडे गेलेली. घरात मी आणि अब्बा. संध्याकाळपासून पोरीला ताप होता, रात्री दहाच्या सुमारास अंग भाजायला लागलं. आम्ही दोघे तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासता तपासता प्रश्न सुरू केले. शेवटची लघवी कधी केली? दिवसभरात दूध किती वेळा प्यायली? नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली का? मागच्या वेळी वजन किती होतं? तापाचं औषध दिलंय का, कधी, किती?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं असं मला वाटलं. "अर्धा चमचा दिलाय, आठ वाजता."

"कशाचा? सिरपचा की ड्रॉप्सचा?"

मी गप्प. घरात दोन बाटल्या होत्या. लहान मुलांसाठीच्या ड्रॉप्समध्ये तेच औषध सिरपपेक्षा कितीतरी जास्त असतं, थेंबाथेंबाने मोजून द्यायचं असतं, आणि किती द्यायचं ते मुलाच्या वजनावर ठरतं, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. बायकोला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. तिने झोपेतून उठून विचारलं, "फ्रिजवरची बाटली की कपाटातली?" फ्रिजवरची. "मग ते सिरप. वजन साडेआठ किलो. लस झालीय, कार्ड माझ्या पर्सच्या मागच्या कप्प्यात आहे." शंभर किलोमीटरवरून तिने अर्ध्या मिनिटात सगळं सांगितलं. मी पोरीच्या शेजारी बसून काही सांगू शकलो नव्हतो. डॉक्टर मला एवढंच म्हणाले होते, "आई कुठे आहे?"

त्यांचा मला राग आला. बाप समोर बसलाय ना? घरी येताना कळलं की राग चुकीच्या माणसावर होता. मी तिथे होतो, पण ज्याच्याकडून उत्तर मिळेल असा माणूस मी नव्हतो. जीएसटीचं विवरणपत्र भरायची वीस तारीख मला झोपेतही आठवते. कोणत्या गिऱ्हाइकाचं कोणतं बिल राहिलंय ते तोंडपाठ असतं. स्वतःच्या लेकीचं वजन मात्र माहीत नव्हतं, कारण ते माहीत असणं माझं काम आहे असं मी कधी धरलंच नव्हतं. मी मदतनीस होतो. मदतनीस विचारतो, "सांग, काय करू?" सांगणारी गावाला गेली की तो हात बांधून बसतो.

ताप तीन दिवसांत उतरला. दुसऱ्याच दिवशी मी खिशात मावेल अशी एक वही घेतली. त्यात वजन, लसीची तारीख, औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता, सगळं लिहितो. ऑफिसात या वहीची चेष्टा होते. "पोरीचंही बॅलन्सशीट काढतोस काय?" काढतो. माझ्या सगळ्या खोडींत कामाची म्हणावी अशी ही एकच.

हिशेबाचा माणूस असल्याने आणखी एक आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. त्यातही असं काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्क्याऐंशी आणि पुरुष सव्वीस. म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर पुरुष त्या दिवशी अशा कामाला हात लावत नव्हते. हा कोण्या एका धर्माचा, जातीचा किंवा मोहल्ल्याचा हिशेब नाही, सगळ्या देशाचा आहे. आपल्याकडे एकमेकांच्या घरातल्या बायकांच्या हालांवर बोलायला सगळे पुढे असतात. या आकड्यात मात्र आपण सारे पुरुष एकाच रांगेत उभे आहोत.

पण 'आपले पुरुष असेच' असं म्हणून सोडून देणंही मला पटत नाही. त्याला कारण अब्बा.

अब्बांनी आयुष्य यंत्रमागावर काढलं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यातही बहुतेक रातपाळी. मागांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येतं, बोलतातही कमी. त्यांनी मला लहानपणी कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही. एका शनिवारी मी लेकीची दुपटी धुऊन पुढच्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालत होतो. अम्मी म्हणाली, "मागच्या बाजूला घाल ना, लोक बघतात." मी म्हटलं, बघू देत. तेव्हा ती हसून म्हणाली, "तुझे अब्बा शहाणे होते. तुझी दुपटी धुवायचे, पण अंधारात."

मी हातातलं दुपटं तसंच धरून उभा राहिलो. अब्बा रातपाळीहून पहाटे यायचे. अम्मी बाळंतपणानंतर बरेच महिने आजारी होती. चाळीतलं कोणी उठायच्या आत, दिवा न लावता, ते मोरीत बसून माझी दुपटी धुवायचे आणि घरातल्या घरात दोरी बांधून वाळत घालायचे. दिवसा अम्मीची बहीण येऊन ती घडी करून ठेवायची. चाळीला वाटायचं, सगळं तीच करते. अब्बांनीही तसंच वाटू दिलं.

मी अब्बांना विचारलं, "खरं आहे का हे?" त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "नळाला पाणी पहाटेच यायचं."

त्यापुढे ते काही बोलले नाहीत. पाणी खरंच पहाटे यायचं, त्यामुळे खोटंही म्हणता येत नाही. पण दिवा का लावला नाही, ते मला कळलं. बाईचं काम करताना दिसलो तर गल्लीत काय तोंड दाखवू, ही भीती त्या कष्टाळू माणसाला रात्रभर माग चालवून आल्यावरही सोडत नव्हती. त्याचं नुकसान माझं झालं. माझा बाप मुलाचं सगळं करत होता आणि ते मला कधी दिसलंच नाही. मी समजून चाललो की बाप म्हणजे पगार आणणारा, गप्प बसणारा माणूस. दवाखान्यात त्या रात्री आम्ही दोन पिढ्यांचे दोन बाप शेजारी बसलो होतो. एकाने केलेलं लपवलं होतं, म्हणून दुसरा शिकला नव्हता.

मागे कोपऱ्यावर एका ओळखीच्याने मला टोमणा मारला, "मर्दानं हे करणं शोभतं का?" शेजारच्या बाकड्यावर एक बुजुर्ग बसले होते. ते म्हणाले, पैगंबर मुहम्मद (स.) आपल्या नातीला, उमामाला, उचलून घेऊन नमाज पढत. सजद्याला जाताना खाली ठेवत, उठताना पुन्हा घेत. आणि हे सगळ्यांसमोर. टोमणा मारणारा गप्प झाला. ही हकीकत त्यालाही माहीत होती, आपल्या घराशी तिचा संबंध असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

घरातली लाज आपणच टाकायला हवी, पण कायद्यालाही थोडं पुढे यावं लागेल. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे चांगलंच झालं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात तसा बंधनकारक कायदा नाही. त्याच वर्षी आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी पितृत्व रजेचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. माझी लेक झाली तेव्हा मला चार दिवस मिळाले, तेही बिनपगारी. मागावरच्या कामगाराला तर एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. अशा माणसाला 'मुलाकडे लक्ष दे' म्हणून उपदेश करणं सोपं आहे.

बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष असतात, ते असलेच पाहिजेत. पण एका बसस्थानकावर ओल्या झालेल्या पोरीला घेऊन मी अर्धा तास फिरलो. शेवटी सामानाच्या पिशवीवर तिला झोपवून कपडे बदलले. बाप एकटा मूल घेऊन प्रवास करील, हे कोणी इमारत बांधताना मनात धरलेलं नसतं. भिंतीला एक फळी लावली तर काम भागेल, फक्त ती अशा जागी हवी जिथे आईलाही जाता येईल आणि बापालाही.

एक बदल मात्र झालाय, तो मला आवडतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आमची लेक त्याच वर्षातली, त्यामुळे तिच्या नावात तिची आई माझ्या आधी येते. कार्यालयातल्या एकाने विचारलं, "तुला कसंतरी वाटत नाही?" मला हिशेब बरोबर वाटतो. नावात आईला जागा मिळाली, आता कामात बापाने आपली जागा घ्यावी.

तरुण बापांना मला फार सांगायचं नाही. लसीकरणाचं कार्ड महिनाभर स्वतःच्या खिशात ठेवून बघा. मुलाचं वजन पाठ करा. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर एकदा नीट वाचा. दुपटी पुढच्या दोरीवर वाळत घाला. आणि घरात मोठा मुलगा असेल तर धाकट्याला त्याच्या मांडीवर द्या, दुकानात वाटलं तर तुम्ही जा.

परवा रात्री लाइट गेली होती. लेक चिडली होती, माझा घसा बसला होता आणि पाढा तेरावरच अडखळत होता. अब्बा आपल्या खोलीतून आले, तिला खांद्यावर घेतलं आणि अंधारात येरझाऱ्या घालू लागले. काहीतरी हळू आवाजात म्हणत होते. कान देऊन ऐकलं तर ती अम्मीची लोरी होती, सगळीच्या सगळी. त्यांना ती येते हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. मी ती वहीत उतरवून घेतली आहे.