बादलीतील भुईमूग

मे महिन्याच्या अखेरीस सहा वर्षांच्या नातवाने कोशिंबिरीतील दाण्याच्या कुटाकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, बटाटा जमिनीखाली येतो म्हणून आपण खात नाही. शेंगदाणे कुठे येतात?"

"जमिनीखालीच."

"मग?"

या 'मग'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. "शास्त्रात तसे सांगितले आहे" असे म्हणून मी वेळ मारून नेली. सेवाकाळात तीन वर्षे ग्रामीण शाखेत मी पीककर्जे मंजूर केली होती. भुईमुगाला एकरी किती कर्ज द्यावयाचे, हे तोंडपाठ होते. शेंग कशी धरते, हे कधी वाकून पाहिले नव्हते.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर आम्ही दोघांनी बोरिवलीच्या आमच्या गॅलरीत जुन्या बादलीत माती भरून न भाजलेले, सालासकट दाणे दोन बोटे खोल पेरले. पहिल्या खेपेचे सर्व कुजले, कारण बादलीला भोके पाडण्याचे मी विसरलो होतो. दुसऱ्या खेपेस तीन रोपे वर आली. रात्री त्यांची पाने मिटतात व सकाळी उघडतात, हा शोध नातवाचा. त्यानंतर दात घासण्यापूर्वी गॅलरीत जाणे हा त्याचा नित्यनेम झाला.

सुमारे महिन्याने पिवळी फुले आली. फूल सुकल्यावर त्याच जागेहून एक बारीक देठ निघाला आणि खाली वळून मातीत शिरला. शेतकरी यांना आऱ्या म्हणतात. आरीच्या टोकाशी मातीत शेंग भरते. म्हणजे शेंग हे फुलाचे फळ, मूळ वा कंद नव्हे. बटाट्याच्या मात्र प्रत्येक डोळ्यातून नवे रोप उठू शकते. कंदमुळांना अनंतकाय का म्हणतात, हे त्याला सांगण्यास मला एवढा आधार पुरला. आरी मातीत शिरताना त्याने स्वतः पाहिली होती, त्यामुळे पुढचे 'मग' आले नाही.

आपल्याच पश्चिम रेल्वेने घोलवडला उतरले की बोर्डी जवळच. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातील मुलांसाठी बालवाडी सुरू केली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने वापरली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच अंगणात नेली. आमच्या इमारतींना अंगण नाही. गॅलरी आहे, तीही बहुधा कपडे वाळत घालण्यापुरती. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाने पाणी ठिबकते म्हणून दोनदा तक्रार केली, ती रास्तच होती. बादलीखाली परात ठेवली.

ऑक्टोबरात पाने पिवळी पडू लागली. रोपे उपटण्याची वेळ आली आणि नातू अडून बसला. "त्याला दुखेल ना?"

वनस्पती एकेंद्रिय जीव, तिला स्पर्शाची जाणीव असते, हे मीच त्याला शिकविले होते. आता नाही कसे म्हणणार? भगवान आदिनाथांनी असी, मसी, कृषी आदी सहा कर्मे शिकविली, हे आपण पाठशाळेत ऐकतो. संकल्पी हिंसा श्रावकाने टाकावयाची. शेतीत घडणारी उद्योगी हिंसा टळत नाही, ती जतनेने कमी करावयाची. मी जन्मभर मसीवर जगलो. नांगराखाली जे घडते ते दुसऱ्याने आपल्या माथी घेतले, म्हणून माझे ताट स्वच्छ राहिले. ताट शुद्ध आहे की नाही हे आपण फार बारकाईने पाहतो. ते कोणाच्या श्रमाने भरले, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच निघतो. हे सहा वर्षांच्या मुलाला कसे सांगावे, ते मला सुचले नाही. एवढेच म्हणालो, "दुखत असेल. म्हणून हळू काढू आणि एकही दाणा वाया घालवायचा नाही."

त्याने बोटांनी माती सैल केली. दोन गांडुळे निघाली, ती ओंजळीतील मातीसह तुळशीच्या कुंडीत सोडली. मग डोळे मिटून रोप ओढले. तीन रोपांच्या मिळून एकोणीस शेंगा निघाल्या, त्यांपैकी पाच पोचट.

चौदा शेंगा गॅलरीतच वाळवल्या. कूट करू द्यावयास तो तयार होईना. अखेर चार शेंगांचे दाणे घरात प्रत्येकी एक-दोन वाटण्यात आले. उरलेल्या दहा त्याने डब्यात घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवल्या आहेत. पुढील जूनसाठी बियाणे म्हणून.