एकच शर्यत, तीन हिशोब! सैन्य, पोलीस आणि एसआरपीएफच्या मैदानी चाचणीत फरक काय?

जालना, अंबड, भोकरदन, मंठा... जालना जिल्ह्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं दिसली की समजायचं, भरतीची तयारी सुरू आहे. बरेच जण एकाच वेळी तीन भरत्यांची तयारी करतात: सैन्यात अग्निवीर, जिल्हा पोलीस आणि राज्य राखीव पोलीस बल, म्हणजे एसआरपीएफ. धावणं तिन्हीकडे आहे, पण गुणांचं गणित तिन्हीकडे वेगळं आहे.

सैन्य: एका सेकंदाची किंमत १२ गुण

अग्निवीर जनरल ड्युटीची शारीरिक चाचणी १०० गुणांची असते. त्यात १.६ किमी धावण्याला ६० आणि पुलअप्सना ४० गुण आहेत. ५ मिनिटं ३० सेकंदांत धाव पूर्ण झाली तर पूर्ण ६०. एक सेकंद जास्त लागला की थेट ४८.

पूर्वी ५ मिनिटं ४५ सेकंदांनंतर येणारा उमेदवार बाद व्हायचा. २०२५-२६ च्या भरतीपासून दोन गट वाढले. आता ६ मिनिटांपर्यंत ३६ आणि ६ मिनिटं १५ सेकंदांपर्यंत २४ गुण मिळतात. म्हणजे मैदानात टिकणं सोपं झालं, पण गुणवत्ता यादीत वर राहायचं तर वेग पहिल्या गटाचाच लागतो.

पुलअप्सकडे अनेकांचं दुर्लक्ष होतं. १० काढले तर ४० गुण, ६ काढले तर फक्त १६. इथे गेलेले २४ गुण धावून भरून निघत नाहीत. ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्सला गुण नसतात, पण ते पार करावेच लागतात.

पोलीस: आधी मैदान, मग पेपर

जिल्हा पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. म्हणजे ३० गुण लांब धावण्याच्या बाहेर आहेत. फक्त १६०० मीटरचा सराव करणारा इथे मागे पडतो.

क्रमही उलटा आहे. पोलीस भरतीत मैदानात किमान ५० टक्के गुण मिळवल्यावरच लेखी परीक्षेचा विचार होतो. सैन्यात २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान. त्यामुळे पेपर बाजूला ठेवून फक्त धावणाऱ्याला सैन्याच्या मैदानापर्यंत पोहोचताच येत नाही.

एसआरपीएफ: अर्धे गुण ५ किमीला

एसआरपीएफचा गट क्रमांक ३ जालन्यातच आहे. या भरतीची मैदानी चाचणी १०० गुणांची: ५ किमी धावण्याला ५०, १०० मीटरला २५ आणि गोळाफेकीला २५.

भरती झाल्यावर काय?

चाचण्या तिथे संपत नाहीत. सैन्यात जवानांच्या शारीरिक चाचण्या नियमित होतात. अग्निवीरांची सेवा ४ वर्षांची असते आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम केलं जातं. त्यामुळे भरतीपुरता कमावलेला दम पुरत नाही.

मग तयारी कशी करावी?

पाया ५ किमीचा ठेवला तर तो एसआरपीएफला आणि पुढे सैन्यातही कामी येतो. त्यावर वेगाचा सराव: ५ मिनिटं ३० सेकंदांसाठी ४०० मीटरची प्रत्येक फेरी साधारण ८२ सेकंदांत व्हायला हवी. आठवड्यात पुलअप्स आणि गोळाफेकीलाही ठरावीक दिवस हवेत. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी दुपारी धावणं जिवावर बेतू शकतं. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर थांबणं आणि डॉक्टरांना दाखवणं, हाही तयारीचाच भाग आहे.