गोधडी मोठी करताना : आधी हिशेब, मग कात्री

थंडी जवळ आली की पेटीतली जुनी कापडे बाहेर निघतात. दादीची ओढणी, अब्बांचा कुर्ता, मुलांची झबली. बाळाच्या दुपट्यावरचा नमुना मनात भरलेला असतो, तोच डबल बेडच्या गोधडीवर घ्यावासा वाटतो. पण ही कापडे पुन्हा बाजारात मिळणार नाहीत. म्हणून भगिनींनो, या महिन्यात आपण कापण्याआधीचा हिशेब पाहू.

प्रथम पलंग मोजा. गादी 72 बाय 78 इंच असेल, तर दोन्ही बाजूंना 9-9 इंच आणि पायथ्याला 12 इंच सोडल्यावर गोधडी 90 बाय 90 इंचांची होते.

आता नमुना. नऊ चौकोनी तुकडे जोडून होणाऱ्या भागाला आपण ‘चौक’ म्हणू. शिवल्यावर तुकडा 3 इंच दिसत असेल, तर चौक 9 इंचांचा. अशा मापाने 100 चौक, म्हणजे 900 तुकडे लागतील. तुकडा 5 इंच केला तर चौक 15 इंचांचा होतो आणि 36 चौकांत, म्हणजे 324 तुकड्यांत काम भागते.

खरी गफलत इथे होते. 3 इंची तुकडा कापताना आपण साडेतीन इंच घेतो, कारण चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातो. नमुना मोठा करताना अनेकजणी हे साडेतीनच वाढवतात. तसे करू नका. शिवण पाव इंचच राहते, ती वाढत नाही. आधी शिवल्यानंतरचे माप वाढवा, मग त्यात अर्धा इंच मिळवा. 5 इंचांसाठी साडेपाच इंच कापा. साडेतीनच त्या प्रमाणात वाढवले, तर चौक 16 इंचांचा होईल आणि गोधडी 6 इंच वाढेल.

नमुन्यात त्रिकोण असतील, तर चौरस कापून तो कोपऱ्यातून तिरपा छेदतात. तिथे अर्ध्याऐवजी एक इंच मिळवा आणि शिवल्यावर जास्तीचे कापून टाका.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. झबल्यातून साडेपाच इंचांचा तुकडा निघत नाही. जुना कुर्ताही उजेडासमोर धरला की कुठेकुठे विरलेला दिसतो. अशा वेळी तुकडे वाढवण्याचा हट्ट नको. 9 इंची चौक तसाच ठेवा आणि त्याभोवती साध्या कापडाची पट्टी लावा. साडेतीन इंच रुंदीच्या चार पट्ट्या घ्या. दोन साडेनऊ इंच लांब, दोन साडेपंधरा इंच. शिवल्यावर चौक 15 इंचांचाच होतो. आठवणीचे कापड मधोमध राहते आणि ओढाताण नव्या कापडावर पडते.

कोणतीही पद्धत घ्या, आधी एकच चौक शिवून मोजा. न जोडलेला चौक साडेपंधरा इंच भरला पाहिजे. पाव इंच कमी पडला, तर सहा चौकांच्या ओळीत दीड इंच घटतो. माप जुळले की मगच बाकीचे कापा. शेवटी धावदोरा मात्र जवळजवळ घाला. तुकडा मोठा असला म्हणून टाके विरळ केले, तर आतले थर सरकून गोळा होतात.